चांगुणाबाईंच्या गच्चीवरचं ऊन

या, असे जवळ सरका. पंख्याचा वारा इकडंही येतोय. आणि गोष्टीआधी मला थोडं रागावून घेऊ द्या. तुमच्यातला एक तरी माणूस दाखवा, जो पनवेलवरून गेला नाही. मुंबईला जायचं तर पनवेल, कोकणात जायचं तर पनवेल, लग्नाला पनवेलवरून, दवाखान्याला पनवेलवरून. आता पनवेलला गेलेला एक दाखवा. नाही ना? एसटी थांबली की उतरायचं, वडापाव घ्यायचा, कंडक्टरनं बेल मारायच्या आत चढायचं, आणि घरी येऊन सांगायचं, पनवेलात काय, पूल आणि उंच इमारती. मीही तेच सांगत होते. यंदा उन्हाळ्यात महिनाभर राहून आले, आणि आता माझ्या तोंडाला झाकण नाही.

आमचं गाव साताऱ्याकडं, पठाराच्या पायथ्याला. वर पठारावर पवनचक्क्या. पाती आमच्या डोक्यावर फिरतात, वीज तारेतून लांब कुठं तरी जाते, आणि खाली आमच्या विहिरीवरची मोटर लाइट कधी येईल म्हणून वाट बघत बसते. त्यामुळं वीज हा माझा लाडका विषय. शाळा मला फारशी मिळाली नाही, पण अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय मी पुढं जात नाही. विजेच्या खांबावरच्या पाट्यासुद्धा सोडत नाही. ही खोड पुढं कामाला आली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कोन

माझी लेक मीना, जावई आणि छोटा नातू कोन गावात राहतात, एक्स्प्रेस वेच्या अंगाला. एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतलाय. रिक्षातून उतरले आणि पहिलं स्वागत झालं ते शिंकांनी. एक, दोन, तीन, थांबेचनात. खालच्या गाळ्यात मसाला कुटायची मशीन चालू होती. लोखंडी मुसळं वरखाली धाडधाड आपटत होती, लाल धुरळा उडत होता, आणि दारात डोक्याला फडकं बांधून एक बाई उभ्या. माझ्याएवढ्याच वयाच्या, काटक, कपाळावर मसाला आणि घाम कळणार नाही असा एक झालेला.

"मीनाची आये ना तू? शिंक बाय, शिंक. शिंकलास का मसाला खरा. नाय शिंकलास तर त्यात भुसा हाय समज."

याच चांगुणाबाई. घराच्या मालकीण. मालकीण म्हटलेलं त्यांना चालत नसे, "मालक ते," असं म्हणून आत भिंतीवरच्या फोटोकडं बोट करायच्या. फोटोत त्यांचे यजमान, पांढरी टोपी, डोळे मिस्कील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. घरची भातखाचरं नव्या शहराच्या प्रकल्पात गेली, मिठागरं गेली, तेव्हा पुढं काय म्हणून सगळे हातावर हात ठेवून बसले होते. यजमानांनी ही मशीन आणली. आता चांगुणाबाई आणि थोरली सून सुनंदा मिळून ती चालवतात. आसपासच्या गावांतल्या बायका मिरच्या घेऊन येतात, गप्पा मारत बसतात, वर्षाचा मसाला घेऊन जातात.

पहिल्याच दुपारी आमचं भांडण लागलं. मी म्हटलं, आमच्याकडं मसाल्यात कांदा आणि लसूण भाजून घालतात.

"कांदा?" त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मसाल्यात कांदा? मंग तो टिकतो कसा?"

"वर्षभर टिकतो."

"तुमच्या गावाला मासली मिलत नाय ना, म्हणून तुमाला चालतो."

रात्री जेवायला वर ताट आलं. तांदळाची भाकरी, रुमालासारखी मऊ, आणि कोलंबीचं कालवण. मी ज्वारीची माणूस, भाकरी हातात घेतली तर तिची घडी झाली. कालवणाचा पहिला घास घेतला आणि कांद्याचा मुद्दा मी मनातल्या मनात मागं घेतला. त्यांना मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरं दुखणं कळलं. ऐन दुपारी मशीन कण्हायला लागली. मुसळं जड झाली, मग निम्म्या उंचीवर अडकून बसली. दिवे पिवळे. आजूबाजूच्या टॉवरमधले सगळे एसी एकदम चालू झाले की असं होतं म्हणे. ओळीत बसलेल्या बायका मिरच्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन ताटकळल्या. सुनंदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, हा आमचा शेवटचा हंगाम. बिल एवढं येतं की मशीन बिलासाठीच चालते. आमच्या ह्यांचं आणि दोन्ही दिरांचं ठरलंय, पावसाळ्यात गाळा टाइल्सवाल्याला भाड्यानं द्यायचा."

"मग गच्चीवर सौर बसवा की," मी म्हटलं. मला वाटलं मी फार मोठी युक्ती सांगितली.

सुनंदा हसली. "माणूस येऊन गच्ची मोजून गेला मावशी. सगळं ठरलं होतं. पण मीटर मामंजींच्या नावावर. ज्याच्या नावावर मीटर, त्यानंच अर्ज करायचा. आता त्यांना कुठून आणू?"

"नाव बदला."

"कुणाचं लावायचं? ह्यांचं लावलं तर मधले म्हणणार, घर घशात घातलं. मधल्यांचं लावलं तर धाकटे जेवणार नाहीत. आणि आयेचं म्हटलं तर आये स्वतःच नाही म्हणते."

फोटोपुढचं बिल

मी काही गप्प बसणारी नाही. संध्याकाळी मिरच्यांची देठं काढायला चांगुणाबाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, तुमचं नाव का नको?

त्या थोडा वेळ देठंच काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिल येतंय ना म्हैन्याला, त्याच्यावर त्याचा नाव असतो. मी ता त्याच्या फोटोपुढं ठेवतंय. सांगतंय, बघ, तुझ्या नावाचा कागूद आला. सरकार पन तुला इसरला नाय. रेशनकार्डावरून गेला, मतदानाच्या यादीतून गेला. आता यो एकच कागूद हाय, जो त्याला हाय म्हणतो. तो मी माझ्या हातानी पुसू?"

आमच्याही घरी मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. तुमच्याही असेल, बघा जाऊन. पण मला एक दिसत होतं आणि ते गिळवत नव्हतं. यजमानांचं नाव सांभाळता सांभाळता यजमानांनी उभी केलेली मशीन बंद पडायला निघाली होती. हे मी तेव्हा बोलले नाही. नवीन माणसानं पहिल्या दोन दिवसांत एवढं बोलू नये, एवढी अक्कल मला आहे.

शिरढोण

पुढच्या आठवड्यात चांगुणाबाई मला आपल्या बहिणीकडं, हौसाबाईंकडं, शिरढोणला घेऊन गेल्या. मोठ्या क्रांतिकारकाचं गाव ते, मला बघायचंच होतं. पण खरं सांगू, माझं लक्ष बहिणीच्या घराच्या छपराकडं. हौसाबाईंच्या घरावर सौर बसलंय असं ऐकलं होतं.

अंगणात गेलो तर हौसाबाईंचे यजमान मीटरसमोर कमरेवर हात ठेवून उभे. एखादं वासरू दूध पिईना की माणूस जसा बघतो तसं मीटरकडं बघत होते.

"काल या वेळेला किती वीज बाहेर जात होती," ते म्हणाले. "आज जातच नाही. ऊन तर हे एवढं."

मीटर मात्र मला फार आवडलं. ते दोन्हीकडून मोजतं. आपण घेतली किती, आणि आपल्या छपरावरून तारेत परत दिली किती. दिलेली घेतलेल्यातून वजा होते. आमच्या गावातून वीज आयुष्यभर एकाच दिशेनं गेली, आणि इथं एका साध्या घराला दिल्याचा हिशोब मिळत होता. नियमच आहे म्हणे, जास्तीची वीज कंपनीनं मोजून घ्यायचीच.

बिघाड शोधायला सगळे जिन्यानं वर गेलो. आणि काय बघतो, काळ्याभोर काचांवर लालभडक मिरच्या. एका कडेला सुकट. त्याच्या बाजूला पापड.

हौसाबाईंच्या यजमानांनी काचेवरची एक मिरची उचलून उन्हात धरली. मग म्हणाले, "हे कुणी केलं?"

"मी," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "कवरी चांगली जागा हाय. तिरकी हाय, तापते पन. धूल नाय, कुत्रा नाय. तुमी एवढे पैशे खर्च केले त्याचा काय तरी उपयोग नको?"

मी हसून हसून कठड्याला टेकले. चांगुणाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या वाकून एकेक मिरची उचलत होत्या, आणि काच मोकळी होईल तसं परत मीटरपाशी उतरलेले हौसाबाईंचे यजमान खालून ओरडत होते, "आली, वाढली, अजून वाढली." शेवटची सुकट उचलली तेव्हा चांगुणाबाई उन्हात उभ्या राहिल्या आणि त्या काचांकडं बघत म्हणाल्या, "आमच्या गच्चीवं याच्यापेक्षा जास्ती ऊन हाय."

जेवायला सुक्या बोंबलाची चटणी आणि वालाचं बिरडं होतं. पण चांगुणाबाईंचं चित्त जेवणात नव्हतं. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "उद्या हापिसात जाऊ. मी त्यांना समजावतंय. नाव त्याचाच र्‍हाऊ दे, काचा बसवू दे. अंगठा मी देतंय."

वीज कंपनीचं ऑफिस

पनवेलच्या गर्दीतून वाट काढत आम्ही तिघी ऑफिसात पोचलो. चांगुणाबाई नवी नऊवारी नेसून, सुनंदा घाबरून आणि मी पिशवीत पाण्याची बाटली घेऊन. टेबलापलीकडं एक तरुण इंजिनियर मॅडम होत्या. चेहरा दमलेला, पण बोलणं गोड.

"ग्राहक क्रमांक सांगा."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. क्रमांक बिलावर, आणि बिल फोटोपुढं. तिथून हलवायची कुणाची टाप नव्हती.

"बरं, मीटर कुणाच्या नावावर आहे? नाव सांगा आजी."

चांगुणाबाई गप्प. मॅडमनी परत विचारलं. त्या अजून गप्प, आणि पदर पुढं ओढून घेतलेला. मला उमगलं. आमच्या पिढीच्या बाईनं नवऱ्याचं नाव असं कोरडं, टेबलासमोर घ्यायचं कसं? मी पुढं होऊन म्हटलं, "मॅडम, त्या नाव सांगणार नाहीत. त्या नाव घेतील."

मॅडमना क्षणभर कळेना, मग त्या खुर्चीत नीट सावरून बसल्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं शिक्का मारायचा थांबवला. चांगुणाबाईंनी घसा साफ केला.

"गच्चीवं सुकली मिरची, उनाला नाय भाडा,
धर्माचा नाव घेतंय, त्याचा मीटर नका काडा."

सगळं ऑफिस वाहवा म्हणालं. मागं रांगेत उभ्या एका माणसानं टाळी वाजवली. पण मॅडमचा चेहरा मात्र पडला. मागणी काय आहे ते त्यांना त्या दोन ओळींत कळलं होतं.

"आजी, मीटर नाही काढणार," त्या म्हणाल्या. "पण गेलेल्या माणसाच्या नावावर मला सौरचा अर्ज घेता येत नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? जिवंत माणसाशीच करार होतो."

चांगुणाबाई उठायलाच निघाल्या. आणि एवढ्या वेळात माझे डोळे भिंतीवर फिरत होते. तिथं ग्राहकांच्या हक्कांचा मोठा फलक होता, आणि मी तो वरून खालपर्यंत वाचून काढला होता. एका ओळीवर मी अडकले.

"मॅडम, इथं लिहिलंय, मागितली की वीज द्यायची, जागेच्या मालकाला किंवा तिथं राहणाऱ्याला. राहणारा म्हणजे भाडेकरूसुद्धा?"

"हो, कायद्यातच आहे ते. राहणारा कुणीही."

"म्हणजे मीटर नावावर असलं तर घर नावावर आहे असं नाही?"

"छे हो. बिल म्हणजे घराचा कागद नव्हे. त्यानं कुणी मालक होत नाही."

सुनंदा माझ्याकडं बघतच राहिली. इतकी वर्षं तिघं भाऊ एका बिलावरच्या नावावरून एकमेकांच्या ताटाकडं बघत होते, आणि त्या बिलात घराची एक वीटही नव्हती. तिनं तिथंच नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. मॅडमनी त्याला तेच पुन्हा सांगितलं. फोनमधून त्यानं दोघा भावांना हाका मारल्याचं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "मंग आमचा काय भांडान नाय. कुणाचा पन टाका. आयेचा टाका."

सगळ्यांचे डोळे चांगुणाबाईंकडं.

"मी नाय," त्या म्हणाल्या. "तुमी सगले त्याला काडायला बसलाव."

आता मात्र मला राहवेना. मी त्यांचा हात धरला. "चांगुणाबाई, मशीन कुणी आणली? तो टाइल्सवाला आला की त्या गाळ्यात यजमानांचं काय राहील? नाव राहील, आणि नावाखाली फरशा."

त्या माझ्याकडं रागानं बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं, उद्यापासून कालवण बंद. तोवर मॅडम सुनंदाला आडनाव विचारून काहीतरी टाइप करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमचं पूर्ण नाव हेच ना आजी? चांगुणा धर्मा मढवी."

चांगुणाबाईंनी मान वळवली.

"परत वाच."

"चांगुणा धर्मा मढवी."

"आसा लिवनार तुमी? बिलावं?"

"असंच लागतं. आपलं नाव, मग यजमानांचं, मग आडनाव."

"म्हैन्याला येल?"

"दर महिन्याला."

चांगुणाबाईंनी मॅडमना स्क्रीन आपल्याकडं फिरवायला लावली. त्यांना वाचता येत नाही. मला म्हणाल्या, बोट ठेव. मी मधल्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि आपलं ठेवलं.

"मधी बसलाय," त्या म्हणाल्या. "मेला, जिता होता तवापन आमच्या दोघींच्या, माझ्या न् सासूच्या, मधीच बसायचा." आणि पदरानं डोळे पुसत अशा हसल्या, की मॅडमनाही डोळे पुसावे लागले. "घाल बाय माजा नाव. पन त्याचा आक्षर बारीक करू नको."

गच्ची

त्यानंतरचे दिवस कसे पळाले मला कळलं नाही. नाव बदलून आलं, गच्ची तपासायला माणसं आली, लोखंडी सांगाडा आला. मी नातवाला घेऊन दिवसातून दहादा वरखाली करायची. मीना म्हणाली, "आई, तू विश्रांतीला आली आहेस." मी म्हटलं, विश्रांती गावाकडं भरपूर आहे.

शिरढोणचा धडा घेऊन चांगुणाबाईंनी फिटरला आधीच बजावलं, "उंच बसव. माझा हात पोचला तर मी मिरची टाकनार. माझा मना भरोसा नाय." म्हणून सांगाडा हातभर उंच झाला, आणि गच्चीचा पूर्वेकडचा भाग मिरच्यांना मोकळा राहिला.

दोन बाजूंनी मोजणारं मीटर बसलं त्या दिवशी चांगुणाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ऊन टळटळीत. सुनंदानं बटण दाबलं आणि मुसळं उठली. काय आवाज होता तो. आमच्या पठारावर पाती फिरताना जो घों घों येतो, तो मला कायम परक्याचा वाटत आला. हा धाडधाड आवाज घरचा होता. ओळीतल्या बायका शिंकत होत्या आणि हसत होत्या.

आणि ऐन रंगात आल्यावर लाइट गेली. लाइट गेली तशी मुसळंही थांबली. तिघं भाऊ फिटरकडं वळले. मधला म्हणाला, "सूर्य पन गेला काय?"

फिटर सांगू लागला, बाहेरची वीज गेली की हे आपोआप बंद होतं. नाहीतर आपली वीज तारेत जाणार, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसणार.

भाऊ कुरकुरले. चांगुणाबाईंनी मात्र मान हलवली. "मंग बराबर हाय. तो पन कोनाच्या तरी आयेचा पोर हाय. थांबू." त्या दारात बसल्या आणि देठं काढायला लागल्या. आम्हीही बसलो. अर्ध्या पिशवीची देठं निघाली तेवढ्यात लाइट आली आणि मुसळं आपोआप उठली.

टाइल्सवाला दोन दिवसांनी आला. थोरल्या मुलानं त्याला आईकडं पाठवलं. चांगुणाबाईंनी त्याला चहा दिला, आणि घरी न्यायला पावशेर मसाला. तो शिंकत शिंकत गेला.

परत घरी

गावी आल्यावर मी पहिली गेले ती आमच्या मीटरच्या पेटीपाशी. मग गावच्या सभेत उभी राहिले आणि विचारलं, आपल्या गायरानावर सौर बसवून पंपांना दिवसा वीज मिळते म्हणे, तर आपला अर्ज कुठंवर आलाय? सरपंच म्हणाले, "काकू, तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, पनवेलनं. ते तर कायम पनवेलवरूनच जातात, त्यांना काय कळणार. पण अर्ज आता लिहायला घेतलाय, आणि मी त्यांच्या मागं आहे.

काल चांगुणाबाईंचा फोन आला. नव्या नावाचं पहिलं बिल आलं. सुनंदानं वाचून दाखवलं. मी विचारलं, आता हे कुठं ठेवलं?

"फोटोपुढं. नि कुठं? सांगितला त्याला, आता आपन दोगं एकाच कागदावं हाव. आदी तू एकटा होतास."

आणि लगेच म्हणाल्या, "नि आयक, तुझा कांद्याचा मसाला घेऊन ये. बगतंय किती टिकतो. मिरच्या सुकतायत तवर ये."

म्हणून तुम्हालाही सांगते. पुढच्या वेळी एसटी पनवेलला थांबली, की वडापाव खा, पण परत चढू नका. कोनची रिक्षा करा आणि मुसळांच्या आवाजानं जा. शिंका यायला लागल्या की उतरा. दारातल्या बाईंना सांगा, साताऱ्याकडच्या काकूंनी पाठवलंय. त्या भाकरी खायला घालतील, मग हात धरून मीटरपाशी नेतील आणि मधल्या नावावर बोट ठेवून दाखवतील. आणि परतताना आमच्याकडून या. पाती तुम्हाला लांबूनच दिसतील. तेवढ्यात आमचं गायरानही उजळलं असेल बहुतेक. नसलं तर अर्ज घेऊन आपण सगळे जाऊ. फार उशीर करू नका, लवकर या.